ताट भरलेलं होतं, तरी

जेवणाच्या टेबलावर गोळ्यांची बाटली ठेवायची नाही, असं मी घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. नणंदबाई दर भेटीत व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊन यायच्या, मी त्या कपाटात मागे सारायचे. रोज एक पालेभाजी, मोडाची मटकी नाहीतर मूग, ज्वारीची भाकरी, घरचं ताक. एवढं असताना गोळ्या कशाला? खरं सांगायचं तर ती बाटली मला माझ्या स्वयंपाकावर ठेवलेला ठपका वाटायची.

सासूबाईंच्या पायांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा त्या त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या. एकदा देवळातून आल्या त्या एकाच पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत निसटली होती आणि त्यांना कळलंच नव्हतं. मी म्हटलं, "आई, वय झालंय, शुगरही आहे, चालायचंच." रोज रात्री तळव्यांना तिळाचं तेल चोळून द्यायचे. अंधारात न्हाणीघराकडे जाताना त्या भिंत धरायला लागल्या, तरी मी तेलच चोळत राहिले. वर्षभर.

शेवटी दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. त्या लगेच कलल्या. रक्तात बी-12 निघालं 112; निदान 200 तरी हवं. मग दोनच प्रश्न. अंडी, मासे, मटण काही खाता का? शुगरची गोळी किती वर्षं चालू आहे? आमचं घर पूर्ण शाकाहारी. मेटफॉर्मिन चौदा वर्षं, शिवाय पित्तासाठी रोज सकाळी उपाशीपोटी आणखी एक गोळी. या दोन्ही वर्षानुवर्षं घेतल्या की बी-12 अंगात शोषलं जाणं कमी होतं. औषधांचा डबा दर रविवारी मीच भरत होते. मी कधी विचारलं नव्हतं.

तिथेही मी वाद घातला. पालक, मेथी, कडधान्यं, यांत काहीच नाही? नाही. बी-12 कुठलीच वनस्पती तयार करत नाही, ते जिवाणू तयार करतात. गाईम्हशींच्या पोटातले जिवाणू ते बनवतात, म्हणून ते दुधात उतरतं. आपल्या मोठ्या आतड्यातही ते बनतं, पण शोषलं जातं त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटाला. म्हणजे आपल्या उपयोगी पडत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम. पेलाभर दुधात साधारण एक असतं. आणि आईंच्या पोटात जाणारं दूध म्हणजे दोन कप चहात घातलेलं, वर वाटीभर पातळ ताक. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून तो आटत चाललाय हे लवकर कळतही नाही.

पुण्यातल्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये पुणे आणि आसपासच्या पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली होती. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय मिळून 441 जण. त्यांतल्या 67 टक्के लोकांत बी-12 कमी होतं, आणि शहरी मध्यमवर्गात 81 टक्के. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. ही उपाशी माणसं नव्हती. आमच्यासारखीच, पोटभर जेवणारी घरं होती.

सगळ्याच गोळ्यांवर माझा विश्वास बसलाय असं नाही. ताकदीच्या नावाने विकले जाणारे रंगीत डबे मी आजही आणत नाही. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड मनाने घेत राहणं तर धोक्याचं, कारण त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि बी-12 वाचून नसा आतून खराब होत राहतात. पण तपासून, नेमकं जे कमी आहे ते घेणं याला मी इतकी वर्षं विरोध केला, तो चुकीचा होता.

आईंना आधी एक दिवसाआड इंजेक्शनं दिली, मग महिन्याला एक. सहा महिन्यांत मुंग्या थांबल्या, मधल्या काळात वाढलेलं विसरणंही कमी झालं. तळव्यांचा बधिरपणा मात्र गेला नाही. नसांचं दुखणं जितकं जुनं, तितकं ते भरून यायला कठीण, असं डॉक्टर म्हणाले. मी मनात बारा महिने मोजले.

आता बी-12 ची बाटली लोणच्याच्या बरणीशेजारी असते. आम्ही दोघं नवरा-बायको घेतो. आईंच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत दिवा रात्रभर चालू ठेवतो. त्या अजून भिंतीला हात लावूनच चालतात.