पॉड सुटलाच पाहिजे

बूस्ट ग्लायडरबद्दल माझं एक ठाम मत होतं, आणि मैदानावर भेटेल त्याला मी ते ऐकवायचो. रॉकेट म्हणून जे वर गेलं, ते सगळंच्या सगळं ग्लायडर होऊन खाली आलं पाहिजे. वाटेत इंजिन टाकून द्यायचं आणि उरलेला हलका सांगाडा तरंगत आणायचा, यात कसलं कसब? इंजिन, नळी, पंख सगळं एकत्र उतरवणारा ‘रॉकेट ग्लायडर’ हाच खरा, असं मी म्हणायचो. आज मी याच्या नेमकं उलट बोलतो.

मुळात हा प्रकार दोन दगडांवर पाय ठेवण्याचा. बाल्साचा छोटा ग्लायडर सेकंदाला 5 मीटरच्या आसपास वेगाने तरंगतो. तोच इंजिनाच्या जोरावर वर जाताना 35 मीटरच्या घरात पोचतो. पंखांची उचल वेगाच्या वर्गाने वाढते. वेग 7 पट, तर उचल 49 पट! संथ तरंगावं म्हणून पंख आणि शेपटी यांच्या कोनात जो किंचित फरक ठेवलेला असतो, तोच या वेगाला मॉडेलला गर्रकन मागे वळवतो. मॉडेल लूप घेतं आणि कधी कधी इंजिन जळत असतानाच जमिनीत घुसतं. ते टाळायला वर जाताना वजन बरंच पुढे हवं, आणि तरंगताना तेच वजन तिथे नको. हा बदल आकाशात, एका क्षणात, कुणाचा हात न लागता व्हायला हवा. या छंदातली सगळी गंमत इथेच आहे, असं मला पूर्वीही वाटायचं आणि आजही वाटतं.

मी राहतो कोलोरॅडोत. ज्या एस्टेस कंपनीने मॉडेल रॉकेटची इंजिनं घरोघर पोचवली, तिचं पेनरोझ गावही याच राज्यातलं. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला तिने ‘स्पेस प्लेन’ नावाचं किट काढलं. त्याचं इंजिन मागे होतं. इजेक्शन चार्ज उडाला की रिकामं कवच मागून बाहेर पडायचं, आणि त्याने दाबून धरलेल्या पंखाच्या मागच्या कडेच्या पट्ट्या रबराच्या ओढीने वर उचलल्या जायच्या. त्याच दशकात लॅरी रेंगर यांनी ‘स्काय स्लॅश’मध्ये इंजिन पुढे नेलं, आणि याच वाटेवर पॉप-पॉड रुळला. इंजिन, छोटी नळी आणि नाक एवढाच एक वेगळा तुकडा ग्लायडरच्या पाठीवर आकड्याने अडकवायचा आणि वर गेल्यावर सोडून द्यायचा.

मला या पॉडचं कौतुक नव्हतं. माझा जीव कात्री-पंखावर. वर जाताना पंख धडाशी समांतर मिटलेला असतो. इजेक्शन चार्जच्या दाबाने त्याची अडकण सुटते आणि रबर त्याला फिरवून आडवा करतं. उघडताना पाहिलं की अंगावर काटा येतो. पण बिजागरीत जरा ढिलेपणा राहिला, पंख एखादा अंश कमी फिरला, की मॉडेल गिरक्या घेतं. आणि सगळं जमलं तरी 10-12 ग्रॅमचं रिकामं कवच शेवटपर्यंत अंगावर राहतं. ज्या ग्लायडरचं स्वतःचं वजन 20 ग्रॅमच्या आसपास, त्याला हे ओझं थोडं नाही.

मत बदललं ते दुसऱ्या एकाचा पॉड हातात घेऊन, सावकाश निरखल्यावर. आकडा म्हणजे प्लायवूडचा नखाएवढा तुकडा. रॉकेट लाँच रॉडवर उभं असताना पॉडला खालून आधार असतो आणि ग्लायडर त्याला लटकतो, म्हणून आकडा घट्ट बसतो. इंजिन पेटलं की पॉड पुढे रेटतो, आकडा आणखी घट्ट. इंजिन विझलं तरी पंखांना हवेचा विरोध जास्त, त्यामुळे ग्लायडर मागे ओढला जातो आणि आकडा तसाच राहतो. बी4-2 इंजिनात विझल्यानंतरचा हा विलंब 2 सेकंदांचा. मग इजेक्शन चार्ज उडतो, नाक पुढे फेकलं जातं आणि प्रतिक्रियेने पॉड मागे सरकतो. सबंध उड्डाणात पहिल्यांदाच उलट दिशेने जोर येतो, आणि आकडा निसटतो. ना रबर, ना बिजागरी, ना जळणारा दोरा. जे बल एरवी मॉडेल मोडायला पुरतं, त्याच्याच क्रमावर सगळं बेतलेलं. मी ज्याला पळवाट म्हणत होतो, ते मला दिसलेलं या छंदातलं सर्वांत सुंदर यंत्र आहे.

पॉडचे धोके आहेतच. त्याचा स्ट्रीमर किंवा दोरी शेपटीत गुंतली, तर दोन्ही एकत्र भिरभिरत खाली येतात. इकडे त्याला ‘रेड बॅरन’ म्हणतात, आणि तो पाहून पोटात खड्डा पडतो. पण ‘टाकून दिलं म्हणजे अर्धवट’ हा माझा मूळ आक्षेप मात्र टिकत नाही. 1981 ते 2011 उडालेल्या स्पेस शटलने काय केलं? बूस्टर सोडले, टाकी सोडली आणि इंजिनाशिवाय तरंगत धावपट्टीवर उतरलं. त्याला अर्धवट म्हणायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

एक मत मात्र कायम आहे: ट्रिम हाताने फेकूनच करायचं. संध्याकाळी वारा पडला की उंच गवताकडे, नाक जरासं खाली ठेवून, ग्लायडर अलगद सोडायचा. नाक वर उचलून थबकला आणि पुन्हा डुबकी मारली, तर नाकाला चिमूटभर क्ले लावायची. सरळ खाली गेला तर तेवढीच काढायची. मग शेपटीला केसभर पीळ, म्हणजे मोठ्या वर्तुळात वळत राहतो आणि वर चढणारी गरम हवा लागली तर तिच्यातच घुटमळतो.

कात्री-पंख मी सोडलेला नाही. एक अर्धा बांधलेला टेबलावर आहे. पण शिकायला येणाऱ्या मुलांना मी आता पॉडच देतो. ग्लायडर हातात धर, नाक वर कर, पॉड आपल्या वजनाने खाली निसटतो का बघ. अडला तर 400 नंबरचा पॉलिश पेपर घे आणि आकडा घास. बिजागरीचं नंतर बोलू.