झुरळाचे पिल्लू

आमचे घर डोळखांबला आहे. पाऊस लागला की इथे चार-चार दिवस ऊन दिसत नाही. भिंतींना ओल येते, मोरी तुंबते आणि मोठी तांबूस झुरळे वर येतात. चांगली बोटाएवढी! त्या दिवसांत अम्मी हातात चप्पल घेऊनच मोरीत पाऊल टाकते.

2019 साली मी भिवंडीहून एक जुना फ्रिज स्वस्तात आणला. काही दिवसांनी ओट्यावर छोटी, फिकट तपकिरी झुरळे दिसू लागली. अम्मी म्हणाली, "बेटा, मोरीतल्या झुरळांची पिल्ले आहेत ही." मलाही ते पटले. मी फवाऱ्याचा डबा आणला आणि रात्री दारे-खिडक्या लावून स्वयंपाकघरभर औषध मारले.

अम्मीला दम्याचा विकार आहे. पहाटे ती वजू करायला उठली आणि तो वास तिच्या छातीत भरला. तिला श्वास घेता येईना. भर पावसात शेजाऱ्यांच्या जीपने आम्ही शहापूर गाठले. दुपारी तिला आराम पडला, तेव्हा कुठे माझे हातपाय थरथरायचे थांबले. डॉक्टर म्हणाले, "बाई, दमेकऱ्याच्या घरात असला फवारा मारू नका. पण झुरळेही ठेवू नका. त्यांची विष्ठा आणि टाकलेली कात यांचा भुगा हवेत मिसळतो. त्यानेही दमा वाढतो."

आता करायचे काय? आठ दिवसांत ती छोटी झुरळे पुन्हा हजर झाली होती. एका रात्री मी विजेरी घेऊन फ्रिजमागे डोकावले. मोटारीच्या उबेला दहा-बारा जण बसले होते. एकीच्या मागच्या टोकाला अंड्यांची डबी चिकटलेली होती. मी चकित झाले. पिल्लाला अंडी कशी असतील?

ही जातच वेगळी होती. डोक्यामागे दोन काळ्या रेघा, हीच तिची खूण. हिला जर्मन झुरळ म्हणतात आणि मोरीतल्या मोठ्याला अमेरिकन. नावे मात्र फसवी आहेत. अमेरिकन झुरळ मूळचे आफ्रिकेतले. जर्मन झुरळाची जात सुमारे 2100 वर्षांपूर्वी भारतात किंवा म्यानमारमध्ये निर्माण झाली, असे 2024 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. अम्मीला हे सांगितले तर म्हणाली, "म्हणजे आपलेच निघाले की!"

मोठ्या झुरळांसाठी मी मोरीला बारीक जाळी बसवली. छोट्यांचे काम चिवट होते. त्यांच्या एका डबीत तीस-चाळीस अंडी असतात, आणि ती फुटण्याची वेळ येईपर्यंत मादी डबी जवळच बाळगते. ती फटीत खोल दडते; तिथे फवारा पोचत नाही. म्हणून मी बोरिक पावडर आणली. कॅरमवर टाकतात तीच. कणीक, साखर आणि ही पावडर मळून गोळ्या केल्या व बाटलीच्या झाकणांत घालून फ्रिजमागे सरकवल्या. हे विषच आहे. लहान मुलांचा हात पोचेल तिथे ते ठेवू नये, आणि मळल्यावर हात स्वच्छ धुवावेत. गोळ्यांचा गुण सावकाश येतो. झुरळ उपाशी बरेच दिवस काढते, पण पाण्यावाचून टिकत नाही; म्हणून गळका नळही दुरुस्त करून घेतला.

दोन महिन्यांनी ओटा मोकळा झाला. अजूनही झोपण्यापूर्वी अम्मी ओटा कोरडा पुसते आणि डब्यांची झाकणे दाबून पाहते. फ्रिजमागे मात्र ती स्वतः बघत नाही. विजेरी माझ्या हातात देते.