हनुवटीखाली आधार

तीस वर्षं बँकेत काढली. शेवटची काही वर्षं तर केवायसीच्या फायलींतच गेली. त्यामुळे कागद मागणारा माणूस सरळच असणार, ही माझी पक्की समजूत. ऑनलाइन कॅसिनोत कुणाचे पैसे अडकले की मी म्हणायचो, "तुमचेच कागद धड नसतील." ते मत आता राहिलं नाही.

2024च्या पावसाळ्यात, निवृत्तीनंतरच्या रिकाम्या दुपारी, मी एका साइटवर रूलेट खेळू लागलो. पहिले पाचशे यूपीआयने अर्ध्या मिनिटात गेले. नाव, गाव, वय, कुणी काही विचारलं नाही. पैसे जायचे ते दर वेळी वेगळ्याच माणसाच्या खात्यात. शाखेत असतो तर अशा खात्यांवर मीच बोट ठेवलं असतं. पण पानाच्या तळाशी कुरासाओ बेटाच्या परवान्याचा शिक्का होता, आणि शिक्का दिसला की माझी मान आपोआप डोलते.

शिल्लक 41,000 झाली, काढायला गेलो, तेव्हा केवायसी उगवली. आधी पॅन. मग आधार, दोन्ही बाजूंनी. मग हनुवटीखाली आधार धरून फोटो. तो अंधूक, पुन्हा पाठवा. मग पासबुकाचं पान. अकराव्या दिवशी निरोप आला: नाव जुळत नाही. पॅनवर वडिलांचं नाव पूर्ण, आधारवर नुसतं आद्याक्षर! याच कारणासाठी मी किती जणांना काउंटरवरून परत पाठवलंय. "साहेब, पैशे तर माझेच ना?" म्हणणारी एक पेन्शनवाली आजी त्या रात्री आठवली. (तिचे पैसे पुढच्या आठवड्यात मिळाले, एवढं माझ्या बाजूने सांगतो.)

या सगळ्या दिवसांत 'विड्रॉल रद्द करा' हे बटण मात्र बिनतक्रार चालू होतं. त्यासाठी कुठलाच कागद लागत नव्हता.

शेवटी म्हणाले, 30 टक्के कर आधी भरा. आयकर कायद्याच्या तेव्हाच्या कलम 194बीएखाली हा कर जिंकलेल्या रकमेतूनच कापायचा असायचा, हे मला पाठ. तरी वहीत 12,300चा आकडा मांडलाच. भरले नाहीत. बटण दाबलं, आणि दोन रात्रींत सगळे खेळून घालवले.

ब्रिटनच्या जुगार आयोगाने 7 मे 2019पासून नाव, पत्ता, जन्मतारीख खेळ सुरू होण्याआधीच तपासायला लावली आहे, हे नंतर वाचलं. आम्हीही खातं उघडतानाच विचारायचो. इथे आत जाताना कुणी हटकलं नाही, बाहेर पडताना मात्र अकरा दिवस उभं केलं. त्यांना माझी ओळख नको होती. मी कंटाळून पुन्हा चाकाकडे वळायला हवा होतो, आणि मी वळलो.

पैसे आले नाहीत ते एका परीने बरंच. दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचे पैसे त्या वेगवेगळ्या खात्यांतून आले असते, तर सायबर पोलिसांच्या पत्रावर माझंच खातं गोठलं असतं. तशी पत्रं मी शाखेत हाताळली आहेत.

ऑगस्ट 2025मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला. तो वर्षभर आधी आला असता तर मी थांबलो असतो का? वाटत नाही.

स्वतःचे गेले साडेसहा हजार. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलंय, आपल्या नावावर कुणी कर्ज उचललंय का ते महिन्याला बघतो. तो फोटो मात्र परत येत नाही. बायकोने काढला होता, खिडकीजवळ उभं करून, उजेड नीट पडावा म्हणून. "कशाला हवाय?" तिने विचारलं.

"बँकेचं काम आहे," मी म्हणालो.