चोच खुपसायची खोड

शिशाची चव गोडसर असते, आणि ती केआ नावाच्या पोपटाला कळली हे त्याचं दुर्दैव. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, सदर्न आल्प्सच्या डोंगरांत, जुन्या झोपड्यांच्या पत्र्यांना शिशाच्या टोप्यांचे खिळे ठोकलेले असत. हा पोपट ते कुरतडतो, गोडी लागली की परत येतो, आणि शिसं अंगात भिनून खंगत जातो. हल्ली हे खिळे हुडकून उपटायचं काम चाललंय. खिळे निघतील, खोड कशी निघायची?

बर्फाळ डोंगरमाथ्यांवर वावरणारा पोपट जगात हा एकच. रंग शेवाळी, अंगाने दणकट. पंख उघडले की आतून केशरी जाळ. आर्थर्स पासला गाडी लावलीत की एखादं कोवळं केआ, डोळ्यांभोवती अजून पिवळी कड असलेलं, बॉनेटवर उतरतं. मान तिरकी करून तुम्हाला न्याहाळतं आणि वायपरचं रबर टोकाशी धरून सोलायला बसतं. भुकेपोटी नव्हे, आजोबांचं घड्याळ खोलून बसलेल्या नातवासारखं, आत काय आहे ते बघायला.

ख्राइस्टचर्चच्या विलोबँक प्राणी उद्यानात ब्रूस नावाचा केआ आहे. त्याची वरची चोचच नाही. पठ्ठ्या जीभ आणि खालची चोच यांच्यात खडा पकडतो आणि त्याने पिसं साफ करतो. कुणी शिकवलं नाही. मला त्याहून नवल वाटतं ते केआंच्या एका आवाजाचं. खेळताना केआ एक गुळगुळीत, घोळवलेली साद घालतात. तिचं ध्वनिमुद्रण रानातल्या केआंना ऐकवलं, तर जो तो असेल तिथे खेळायला लागला: कुणी जोडीदाराशी, कुणी एकटाच हवेत कोलांट्या घेत. हसणाऱ्याला बघून हसू यावं, तसलाच हा प्रकार.

अशा पक्ष्यांची चोच दाखवा आणि बक्षीस न्या, हा धंदा तिथे शंभरेक वर्षं चालला. काही केआ मेंढ्यांच्या पाठीवर बसून चरबी टोचत, हे खोटं नव्हे. पण शिक्षा सगळ्या जातीला झाली. सुमारे दीड लाख पक्षी मारले गेले. पूर्ण संरक्षण मिळायला १९८६ उजाडलं. आज रानात उरलेत ते अंदाजे तीन ते सात हजार.

घरटं म्हणजे जमिनीतलं बीळ, झाडाच्या मुळांत नाहीतर खडकाच्या कपारीत. अंडी उबवण्यापासून पिल्लू उडेपर्यंत चार महिने मादी आणि पिल्लं तिथे अडकलेली. सशांचा बंदोबस्त करायला माणसांनी मुद्दाम आणलेला स्टोट हा लांबोडका शिकारी याच बिळांत शिरतो. त्याला आवरायला हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकतात. त्याने घरटी वाचतात, आणि काही केआ तेच आमिष चाखून मरतात. दुसरा रामबाण उपाय नाही, म्हणून ही कडू गोळी मला तरी पटते.

पण माणसाच्या हातचं खाऊन चटावलेले केआ या विषाला जास्त बळी पडतात. अनोळखी वस्तू तोंडात घालायची भीड त्यांची मोडलेली असते. वाहनतळावर ‘खायला घालू नका’ अशी पाटी असते ती त्यामुळेच. तिच्याशेजारी उभं राहून लोक चिप्सचं पाकीट फोडतात, मोबाइल सरसावतात, आणि केआ पुढे येतो.