नमुन्याची दुसरी पारख

सांगलीच्या बाजारात हळद घेणारा जाणता व्यापारी पोत्याच्या वरच्या थरावर विसंबत नाही. तो पोत्यात खोलवर हात घालून हळकुंडे काढतो, एखादे मोडून आतला रंग पाहतो आणि सौदा मोठा असेल तर तोच नमुना दुसऱ्या जाणकाराच्या हातात देतो. यात अडत्याचा अपमान झाला असे कोणी मानीत नाही. मात्र त्याच व्यापाऱ्याच्या घरी कर्करोगाचे निदान सांगणारा दोन पानांचा अहवाल येतो, तेव्हा पारखीची ही पिढीजात सवय गळून पडते. अहवालावर सही आणि शिक्का असतो, घरात भीती असते, आणि नमुना पुन्हा पाहता येतो हे कोणाला सुचतही नाही.

हळदीची अडत असलेल्या एका एकत्र कुटुंबात असेच होऊ घातले होते. घरच्या अक्कांना बासष्टाव्या वर्षी स्तनात गाठ लागली. गावातच बायोप्सी झाली आणि सहाव्या दिवशी अहवाल हाती आला. कर्करोग आहे, हे त्यात स्पष्ट होते. खाली लहान अक्षरांत गाठीच्या पेशींवर केलेल्या तीन विशेष तपासण्यांचे निकाल होते. त्यांतील 'हर-टू' या तिसऱ्या तपासणीपुढे 'नकारार्थी' असे लिहिले होते. थोरल्या मुलाने शस्त्रक्रियेची तारीख घेण्याची तयारी चालवली. पेढीचा जमाखर्च सांभाळणाऱ्या धाकट्या सुनेने अहवाल दोनदा वाचला आणि विचारले, "दादा, ज्या तुकड्यावरून हे लिहिले, तो अजून आहे ना? मग तो आणखी एखाद्या तज्ज्ञाला दाखवता येणार नाही का?"

दादांच्या शंका खोट्या नव्हत्या. डॉक्टरांना वाईट वाटेल, दिवस वाया जातील, आणि एकाच तपासणीचे पैसे दोनदा द्यायला विमा कंपनी काही बांधलेली नाही. त्यात घरात लग्नकार्य होते. मुंबईला काही पाठवले तर गोष्ट चार घरांत जाईल, हीही धास्ती होती. या बोलण्यात दोन आठवडे गेले. शेवटी अक्काच म्हणाल्या, "माझ्या अंगातला तुकडा आहे तो. दाखवा की आणखी एकाला."

तो तुकडा कोठे असतो, हे समजून घेण्यासारखे आहे. बायोप्सीत काढलेली पेशीजाल प्रथम फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मग मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. त्या ब्लॉकचे केसाहूनही कितीतरी पातळ काप काचपट्टीवर घेऊन रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. काप घेऊन झाल्यावरही ब्लॉक प्रयोगशाळेत जपलेला असतो. त्यामुळे दुसऱ्या मतासाठी रुग्णाला बहुधा पुन्हा सुई टोचावी लागत नाही. काचपट्ट्या आणि ब्लॉक प्रवास करतात, रुग्ण घरीच राहतो. लेखी अर्ज करून, पोहोच देऊन ते मिळतात. अहवाल व इतर कागद रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यावेत, असे भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची नियमावली सांगते. पाठवताना काच फुटू नये आणि मेण वितळू नये, एवढी काळजी मात्र घ्यावी लागते. उन्हात उभ्या गाडीत ब्लॉक ठेवून चालत नाही.

दुसऱ्या नजरेची गरज पहिल्या तज्ज्ञाच्या अज्ञानातून उद्भवते, असेही नाही. काही निकाल हे मोजमापाचे नसून निवाड्याचे असतात. हर-टूच्या तपासणीत पेशींवर चढलेला रंग पाहून शून्य ते तीन असे गुण देतात. शून्य आणि एक म्हणजे नकारार्थी, तीन म्हणजे होकारार्थी. दोन गुण मिळाले तर निकाल संदिग्ध धरून 'फिश' नावाची जनुकीय तपासणी करावी लागते. एक आणि दोन यांच्या सीमेवर दोन अनुभवी तज्ज्ञांचेही मत वेगळे पडू शकते. नमुना फॉर्मॅलिनमध्ये किती वेळ राहिला यावरही रंग अवलंबून असतो. त्यासाठी ६ ते ७२ तासांची मर्यादा सांगितली आहे. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगातील ग्लीसन गुण आणि लसिका ग्रंथींच्या कर्करोगांचे प्रकार यांतही असे मतभेद घडतात. म्हणूनच परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या संस्थांत बाहेरून आलेल्या काचपट्ट्या व ब्लॉक यांची फेरतपासणी ही नित्याची गोष्ट आहे. अनेक मोठी कर्करोग रुग्णालये तर स्वतः काचपट्ट्या पाहिल्याशिवाय उपचार सुरूच करीत नाहीत. डॉक्टरांना वाईट वाटेल ही भीती बहुतेक वेळा घरातच जन्मते. अक्कांच्या डॉक्टरांनी तर कपाळावर आठी न आणता शिफारसपत्र लिहून दिले.

मुंबईतील एका कर्करोग केंद्रातून फेरतपासणीचा निकाल आला. कर्करोगाचे निदान कायम होते. हर-टूला मात्र एकाऐवजी दोन गुण दिले होते. त्यावरून केलेली फिश तपासणी होकारार्थी निघाली. या एका ओळीने पुढचा सारा उपचार बदलला. आधी शस्त्रक्रिया करण्याऐवजी आधी औषधे द्यायचे ठरले, आणि त्यांत ट्रास्टुझुमॅब या औषधाची भर पडली. हे औषध नेमक्या हर-टू होकारार्थी रुग्णांसाठी असते आणि साधारणपणे वर्षभर द्यावे लागते. पहिलाच अहवाल अंतिम मानला असता तर अक्कांना ते मिळालेच नसते. फेरतपासणीला २,५०० रुपये आणि फिशला ९,००० रुपये लागले होते.

आता विम्याचा प्रश्न. बायोप्सी आणि फेरतपासणी यांसाठी रुग्ण दाखल होत नाही. आणि केवळ तपासणीसाठी दाखल झाल्यास तो खर्च आरोग्यविम्याच्या प्रमाणित अपवादांत मोडतो. मात्र पुढे त्याच आजारासाठी रुग्ण दाखल झाला, तर दाखल होण्यापूर्वीच्या ठरावीक दिवसांतील संबंधित तपासण्यांचा खर्च मागता येतो. 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत ही मुदत दाखल होण्यापूर्वी ३० दिवस आणि घरी सोडल्यानंतर ६० दिवस आहे. इतर पॉलिसींत ती अधिकही असते. अक्कांच्या पॉलिसीत ३० दिवसच होते आणि त्या पहिल्या केमोथेरपीसाठी दाखल झाल्या बायोप्सीनंतर अडतिसाव्या दिवशी. परिणामी बायोप्सीचे १४,००० रुपये मुदतीबाहेर गेले. घरातल्या दोन आठवड्यांच्या चालढकलीची ही रोकड किंमत. फेरतपासणी आणि फिश मुदतीत बसत होत्या. तरीही कंपनीने 'तीच तपासणी दुसऱ्यांदा' असा शेरा मारून फेरतपासणीचे बिल कापले. सुनेने डॉक्टरांचे शिफारसपत्र, दोन्ही अहवाल आणि उपचाराची दिशा फेरतपासणीमुळे बदलली असे सांगणारे डॉक्टरांचे दुसरे पत्र जोडून पुन्हा अर्ज केला, तेव्हा ते मंजूर झाले. मुंबईच्या जाण्यायेण्याचा खर्च अर्थातच घरचा राहिला.

याच अनुभवातून पॉलिसी वाचण्याचेही महत्त्व घराला कळले. ट्रास्टुझुमॅबसारखी औषधे विम्याच्या भाषेत आधुनिक उपचारांत गणली जातात, आणि 'आरोग्य संजीवनी'त त्यांच्यासाठी विमा रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंतच मर्यादा आहे. गंभीर आजाराची एकरकमी पॉलिसी असेल तर अहवालातील शब्दच निर्णायक ठरतात: तेथे ऊतीत पसरलेल्या कर्करोगाचा सूक्ष्मदर्शकीय पुरावा लागतो, आणि जागच्या जागी असलेला, 'कार्सिनोमा इन सिटू' म्हणून ओळखला जाणारा प्रकार प्रमाणित व्याख्येतून वगळलेला आहे. अशा काही पॉलिसींत दुसऱ्या वैद्यकीय मताची सोय आधीच असते. हप्ता वर्षानुवर्षे भरला जातो आणि ती सोय कोणी वापरीत नाही.

प्रत्येक फेरतपासणी काही नवे सांगेलच असे नाही. बहुतेक वेळा दुसरा तज्ज्ञ पहिल्याशी सहमत होतो, आणि उपचाराच्या कठीण महिन्यांत मनाची शंका मिटलेली असणे हेही त्या पैशांचे मोलच आहे. मतभेद निघाला तर सोयीचा अहवाल निवडणे हा मार्ग नव्हे. दोन्ही अहवाल उपचार करणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवावेत आणि गरज पडल्यास तिसऱ्या तज्ज्ञाकडे जावे. तीव्र रक्तकर्करोगासारख्या आजारात तर दिवस मोजत बसण्याइतका अवधीच नसतो. तेथे किती थांबता येईल हे डॉक्टरांनाच पहिल्या भेटीत विचारावे.

अक्कांचे उपचार आता निम्म्यावर आले आहेत. सुनेने पेढीच्या कपाटात विम्याच्या कागदांबरोबर एक पान लावून ठेवले आहे, घरातल्या कोणालाही लागले तर असावे म्हणून. अहवाल मिळाला त्याच दिवशी ब्लॉक आणि काचपट्ट्यांसाठी अर्ज करावा. फेरतपासणीची शिफारस डॉक्टरांकडून लेखी घ्यावी. प्रत्येक बिलावर रुग्णाचे नाव आणि तारीख आहे ना ते पाहावे. पॉलिसीतील दाखल होण्यापूर्वीच्या दिवसांची मुदत विमा प्रतिनिधीला विचारून ठेवावी. शेवटची ओळ दादांनी स्वतःच्या हाताने लिहिली आहे: विम्याने पैसे नाही दिले, तरी फेरतपासणी करावी.