दगडाखालचा झेलोटीस

बार्शीहून सोलापूरला जाताना वाटेत नान्नज लागते. इथे थांबणारा माणूस बहुधा माळढोकासाठी येतो आणि दुर्बीण डोळ्यांना लावून गवताळ माळ न्याहाळतो. जमिनीवरच्या कोळ्यांचा अभ्यासक मात्र पायाखाली पाहतो. बार्शी तालुक्यातला मुरमाड बांध किंवा ज्वारी काढल्यावर धसकटे उरलेले रान त्याला पुरते. एखादा पसरट दगड अलगद उलटला, की पांढुरक्या रेशमी पिशवीतून काळा, लांबट कोळी निसटताना दिसू शकतो. पाहून झाले की दगड होता तसाच, त्याच बाजूने ठेवायचा. ही या कामातली पहिली शिस्त आहे, कारण त्याखाली आणखी कितीतरी जीव राहत असतात.

हे कोळी नॅफोसिडी कुळातले. शिकारीसाठी ते जाळे विणत नाहीत; बहुतेक जण रात्री हिंडून भक्ष्य पकडतात. पोटाच्या टोकाशी धागा सोडणाऱ्या नळ्यांची पुढची जोडी नळकांड्यासारखी आणि एकमेकींपासून दूर असते. तिच्यातून निघणारा चिकट धागा ते भक्ष्याच्या पायांना फासतात. ही पद्धत 2017मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नीट दाखवली गेली. आठ डोळ्यांपैकी मागच्या ओळीतले मधले दोन गोल नसून लांबट आणि तिरपे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही खूण पटली की कूळ बरेचसे पक्के होते.

पुढची पायरी वंशाची. झेलोटीस या वंशाला 1848मध्ये गिस्टेलने नाव दिले आणि आज त्यात 400च्या आसपास जाती मोडतात. मागच्या दोन पायजोड्यांवर, शेवटून दुसऱ्या पेराच्या टोकाला, राठ केसांची एक छोटी फणी असते. ती दिसली की शोध झेलोटीस आणि त्याच्या भाऊबंदांपुरता उरतो. ट्रॅकीझेलोटीसच्या जबड्यांवर पुढून ताठ केसांचा झुबका असतो, म्हणून तो लगेच वेगळा काढता येतो.

खरा कस लागतो तो जात ठरवताना. काळ्या कोळ्यांच्या या गर्दीत रंगाचा काहीच उपयोग नाही. नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शपादाचे टोक आणि मादीच्या पोटाखालचे जननांग, एवढ्यावरच निकाल लागतो. मादीचा तो भाग बारीक सुईने सोडवून लवंगेच्या तेलात पारदर्शक करायचा, आतल्या नळ्यांची वळणे पाहायची आणि चित्र काढायचे. चित्र काढताना हात आपोआप सावकाश होतो, आणि फोटोत न दिसलेला काटा पेन्सिलीला सापडतो. पिल्लू हाती आले तर जातीचा हट्ट सोडावा. त्याची ही इंद्रिये अजून घडलेलीच नसतात.

महाराष्ट्रात या कामाचा पाया बी. के. टिकादर यांनी घातला. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुणे केंद्रातून त्यांनी आणि यू. ए. गजबे यांनी 1970च्या दशकात या कुळाच्या अनेक जातींची वर्णने प्रसिद्ध केली. 1976मधल्या झेलोटीस पूनाएन्सिस आणि झेलोटीस नासिकेन्सिस या त्यांपैकीच. 1982चा ‘फॉना ऑफ इंडिया’चा खंड आजही अभ्यासकाच्या टेबलावर उघडा असतो. या ऋणाचा उल्लेख करूनही एक अडचण स्पष्ट सांगायला हवी. भारतातल्या कितीतरी जाती फक्त नरावरून किंवा फक्त मादीवरून वर्णिलेल्या आहेत. एका ठिकाणचा नर आणि दुसऱ्या ठिकाणची मादी ही एकच जात दोन नावांनी नांदत असेल, तर ते केवळ पुस्तक वाचून कळणार नाही. मूळ नमुन्याशी ताडून पाहावेच लागते. असे घडतेही: झेलोटीसचा भाऊबंद असलेला युरोझेलोटीस रस्टिकस हा घरांत आढळणारा कोळी माणसांच्या सामानाबरोबर जगभर पसरला आणि ठिकठिकाणी नवा समजून त्याला पुन्हा पुन्हा नावे मिळाली. 1984मध्ये प्लॅटनिक आणि मर्फी यांनी त्याच्या गटाचा फेरआढावा घेतला. आता सगळ्या नावांचा हिशेब बर्नमधल्या जागतिक कोळी सूचीत राहतो. एप्रिल 2022मध्ये या सूचीने 50,000 जातींचा टप्पा गाठला.

सोलापूर जिल्ह्यातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना म्हणूनच एक विनंती. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय नमुना घेऊ नका. शेताचे बांध भरपूर आहेत. एकाच बांधावरचे प्रौढ नर आणि मादी दोन्ही मिळवा, 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा आणि गाव, तारीख, जागा पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आतच घाला.