सालभराच्या तबकड्या : बारामती ते इंदापूर

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नव्या वह्या घालतात आणि गाण्याचे षौकीन जुन्या वर्षाचा हिशेब मांडतात. यंदा कोणती गाणी मनात घर करून राहिली, कोणती नुसतीच कानांवरून गेली, याची ही जमाखर्चाची वही. पूर्वी हा हिशेब तबकड्यांच्या कपाटासमोर मांडी ठोकून होत असे. आता कपाट फोनच्या पोटात गेले. पण खोड काही जात नाही.

‘आल्बम’ हा शब्दही त्या कपाटातलाच. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावे. मोठी रचना असली की चार-सहा तबकड्या लागत, आणि त्या फोटोंच्या आल्बमसारख्या पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकल्या जात. १९४८ साली अमेरिकेत सव्वातेहतीस फेऱ्यांहून किंचित अधिक वेगाची लाँग प्ले तबकडी निघाली, दोन्ही बाजूंवर मिळून चाळीसएक मिनिटे मावू लागली, आणि वही गेली तरी नाव मागे राहिले.

मंडळी आपली यादी गायकांप्रमाणे लावतात, कोणी रागांप्रमाणे. माझी यादी मी एका रस्त्याप्रमाणे लावतो. बारामती ते इंदापूर असा हा पन्नासएक किलोमीटरचा रस्ता. एस.टी.ने गेलात तर खिडकीतून ऊस, द्राक्षे आणि डाळिंबे दिसतील आणि इंदापूर येईल. पण या रस्त्याला स्वतःचे असे एक साल आहे. त्याचे महिने गाण्यांनी ओळखता येतात. म्हणून माझ्या आवडत्या तबकड्या नवीन किती आणि जुन्या किती हे कृपा करून विचारू नका. त्या त्या महिन्यात त्या त्या जागी जी तबकडी खरी वाटते, ती त्या सालची!

चैत्राचा मान बारामतीचा. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. त्या बाबूजींच्या आश्रयाने मोरोपंत इथे राहिले, पुराणे सांगितली, आणि लिहीत राहिले, लिहीतच राहिले. रामायण एकदा लिहून त्यांचे समाधान झाले नाही. परंपरा सांगते की त्यांनी एकशे आठ रामायणे रचली. त्यांतले एक ‘निरोष्ठ’, म्हणजे वाचताना ओठाला ओठ लागायचा नाही असे. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना हे ऐकून मोरोपंतांच्या पाया पडावेसे वाटेल. कारण ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना तोंडातून निघणारा वाऱ्याचा फटका मायक्रोफोनवर आदळतो आणि मुद्रण बिघडवतो. पंतांनी मायक्रोफोन जन्माला येण्यापूर्वीच त्याची सोय करून ठेवली होती!

पंत गेले ते १७९४ च्या चैत्री पौर्णिमेला. आणि त्यानंतर १६१ वर्षांनी, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्याच दिवशी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायणाचे पहिले गाणे गेले. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांच्या चाली, आणि वर्षभर चाललेली छप्पन गाणी. प्रसारणात अनेक गायक-गायिका होत्या. पुढे फडक्यांच्या एकट्याच्या आवाजात ते ध्वनिमुद्रिकांवर आले. फडक्यांनाही सारे बाबूजीच म्हणत, हा योगायोग बारामतीकरांनी विसरू नये: एका बाबूजींनी रामायण लिहिणाऱ्याला ओसरी दिली, दुसऱ्यांनी लिहिलेल्या रामायणाला गळा दिला. पंतांच्या आर्या कीर्तनकारांच्या तोंडून गावोगाव गेल्या, गीतरामायण रेडिओने नेले. वाहन बदलले, प्रवासी तोच. म्हणून माझी चैत्राची तबकडी गीतरामायण.

ज्येष्ठात मात्र या भागात मन लागत नाही. सह्याद्रीने आपल्या वाट्याचा पाऊस आधीच घेतलेला असतो. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत त्याच्या पदरातून निसटेल तेवढाच येतो. कालव्याखालचा शेतकरी निर्धास्त आणि जिराईत रानातला आभाळाकडे डोळे लावून बसलेला. दोघांच्या मध्ये केवळ एक पाट! अशा दिवसांत मी ‘गारवा’ लावतो. १९९८ साली निघालेला हा आल्बम: मिलिंद इंगळे यांचा आवाज आणि सौमित्र यांच्या कविता. चित्रपट नाही, नाटक नाही, देवही नाही. नुसता पाऊस आणि त्यात भिजणारी तरुण मने. मराठी घरांत ‘पॉप’ हा शब्द नाक न मुरडता उच्चारला जाऊ लागला, त्यात या आल्बमचा वाटा मोठा. पुण्या-मुंबईच्या माणसाला तो खिडकीत बसून ऐकायचा आल्बम वाटतो. काटेवाडीच्या पुढे धुळीत उभे राहून ऐकलात तर तीच गाणी उधारीची मागणी वाटू लागतात. तबकडी तीच, पण ऐकणाऱ्याच्या पायाखालची माती बदलली की गाण्याचा अर्थ बदलतो.

आणि मग पालखी येते. तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरीला नेण्याची प्रथा त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केली असे सांगतात. बारामतीचा मुक्काम आटोपून पालखी काटेवाडीला येते, तेव्हा परीट मंडळी तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात. सणसरचा मुक्काम, मग बेलवाडीला घोड्यांचे गोल रिंगण, मग पानमळ्यांचे निमगाव केतकी, आणि मालोजीराजांच्या इंदापुरात पुन्हा रिंगण. या काळातल्या माझ्या तबकड्या दोन.

पहिली लता मंगेशकरांची ‘अभंग तुकयाचे’, श्रीनिवास खळे यांच्या चालींची. खळ्यांनी दिंडीची चाल उचलून तिच्यावर वाद्यांचा साज चढवला नाही. त्यांनी तुकोबांच्या शब्दांना माजघरात बोलावले आणि एका बाईच्या आवाजात, अगदी जवळून बोलते केले. दुसरी भीमसेन जोशी यांची अभंगवाणी. भीमसेनांच्या अभंगगायनाची जनमानसात पेरणी झाली ती आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर राम फाटक यांच्या चालींनी. पण त्यांचा तो आवाज मराठी माणसाने त्याआधीच, १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’त, पु. लं.च्या संगीतात ऐकला होता. लताबाईंचा तुका घरात येतो, भीमसेनांचा विठ्ठल सभागृहात उभा राहतो. अलीकडे ‘अभंग रिपोस्ट’सारखे तरुणांचे वाद्यवृंद तेच अभंग गिटारच्या साथीने गातात, आणि कॉलेजातली पोरे हात वर करून त्यांच्याबरोबर गातात. मला त्याचे वाईट वाटत नाही. ज्या अभंगाने पखवाज पचवला, त्याला गिटार जड जाणार नाही.

दिवाळी आली की रस्त्याचा आवाज पालटतो. कारखान्यांचे गाळप सुरू होण्याचे हे दिवस. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर ही नावे कारखान्यांमुळे घरोघर ठाऊक झालेली. बीड-अहिल्यानगरकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या फडाकडेला कोप्या घालतात आणि रात्रभर ट्रॅक्टर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत जातात. ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून त्या ट्रॅक्टरवर गाणे असते. आणि ते बसल्या जागेवरून नव्हे, फर्लांगभरावरून ऐकू यावे अशाच बेताने लावलेले असते. ही प्रल्हाद शिंदे यांची तबकडी. मंगळवेढ्याकडचा हा गायक २००४ साली गेला, पण विठ्ठलाची गाणी असोत की भीमगीते, त्यांचा आवाज जत्रेच्या कर्ण्यासाठीच घडवल्यासारखा होता. १९८० नंतरच्या कॅसेटच्या लाटेत त्यांचे पुत्र आनंद शिंदे यांनी पोपटाच्या गाण्याने उभा महाराष्ट्र दणाणून सोडला. आपल्या सुशिक्षित घरांच्या यादीत ही नावे सहसा नसतात. त्यांनी एकदा थंडीच्या रात्री दोन वाजता भवानीनगरच्या वळणावर उभे राहावे. पाठीमागे बारा टन ऊस आणि डोळ्यांवर झापड, अशा वेळी मंद्र सप्तकातली आलापी कामाची नसते!

पौष-माघात इंदापूरच्या उत्तरेला उजनीचे पाणी निळे पसरलेले असते. १९८० साली भीमेवरचे हे धरण पुरे झाले. काठची गावे उठली, पळसदेवचे जुने देऊळ पाण्यात गेले आणि पाणी ओसरले की पुन्हा डोके वर काढते. भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी येतात. समोरचा काठ करमाळा तालुक्याचा. तिथल्या जेऊरचे नागराज मंजुळे. त्यांचा ‘सैराट’ त्याच मुलखात घडला आणि २०१६ साली पडद्यावर आला. अजय-अतुल यांनी त्याच्या गाण्यांसाठी अमेरिकेत लॉस एंजलिसला जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंद मुद्रित केला. बोरीबाभळीच्या, केळीच्या आणि विहिरींच्या या मुलखातले प्रेम सांगायला सातासमुद्रापलीकडचे व्हायोलिनवाले बसले. ‘झिंगाट’वर लग्नाच्या वराती नाचतात ते ठीकच, पण पाण्यावर संध्याकाळ उतरताना त्यातली संथ गाणी ऐका. तो शेवट ठाऊक असलेल्या माणसाला ती फार वेळ ऐकवत नाहीत. माघाची तबकडी ही.

तर अशी ही यादी. पण तिच्यात एक जागा मी मोकळी ठेवली आहे, आणि खरे सांगायचे ते त्याच जागेबद्दल.

बेलवाडीहून निमगावकडे दिंड्या निघाल्या की कडेला उभे राहून ऐका. पुढे टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये पखवाज, मागे खांद्यावर वीणा घेतलेला विणेकरी. तो चरण उचलतो, रांगा ध्रुपद परतवतात. अभंगांचा क्रम ठरलेला, चालीही ठरलेल्या. आणि प्रत्येक फडाचे वळण थोडे निराळे. कुठे ध्रुपद दुप्पट लयीत जाते, कुठे एका अक्षरावर सगळी दिंडी थबकते आणि पाऊल मागे घेते. या चाली कागदावर नाहीत. त्या विणेकऱ्याच्या आणि जुन्या टाळकऱ्यांच्या कानात आहेत, आणि चालता चालता मागच्या पोराच्या कानात जातात. घरची तबकडी आपल्यासमोर फिरत राहते. हे गाणे पुढे चालू लागते. एका दिंडीचा अर्धा चरण ऐकावा तोवर दुसरीचा पखवाज येतो. म्हणूनच ते मुद्रिकेत कधी नीट बसले नाही.

आता रात्रीच्या मुक्कामावर एखादा मुलगा अभंग उचलतो तो पुष्कळदा तबकडीच्याच चालीत. लताबाईंनी वा भीमसेनांनी अमर केलेली चाल गोड आहेच. पण ती एका कसलेल्या गळ्यासाठी बांधलेली. ती शंभर थकल्या गळ्यांना पेलत नाही, पावलाला धरून चालत नाही. उलट जुनी चाल मुद्दाम सोपी ठेवलेली असते, म्हणजे दिवसभर चाललेल्या म्हातारीलाही ती म्हणता यावी. एक चाल मागे पडली म्हणजे नुसता सूर गेला असे नव्हे. सगळ्यांना एकत्र गाता येण्याची एक रीत गेली. ज्या मुद्रिकांवर माझे इतके प्रेम, त्यांनी न कळत ही किंमत घेतली आहे.

रस्ताही पालटला. संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला नोव्हेंबर २०२१ मध्ये बसली. चालणाऱ्यांना ऐसपैस जागा मिळाली, ती मिळायलाच हवी होती. पण रस्त्याला सरकार आहे, तबकडीला कंपनी आहे. चालीला कोण?

मला वाटते, आपणच. आज घराघरात प्रत्येकाच्या खिशात मुद्रणयंत्र आहे, आणि आपण त्यावर स्वतःच्याच जेवणाची चित्रे साठवतो. पुढच्या आषाढात कोणी या रस्त्याला गेलात, तर मुक्कामावर एखाद्या वृद्ध विणेकरीबुवांच्या पाया पडून परवानगी मागा. त्यांच्या फडाच्या चाली ध्रुपदासकट, टाळकऱ्यांसकट मुद्रित करा. सोबत फडाचे नाव, गाव, तिथी आणि चाल कोणाकडून आली ते त्यांच्याच तोंडून येऊ द्या. आणि ते मुद्रण त्यांच्या नातवाच्या हाती द्या, कारण ते पुन्हा चालायला लागले पाहिजे. आवाज खरखरीत येईल, मध्येच पाण्याचा टँकर वाजेल, कोणी चहा म्हणून हाक मारील. येऊ द्या. माझ्या यादीतला पहिला क्रमांक त्या तबकडीसाठी राखून ठेवला आहे.